आईसाहेबांच्या यादीसाठी अँप्लिफायर घेतला, त्याची हकीकत

श्री. नादास दंडवत, आणि नादाच्या आधी जी शांतता असते तीसही दंडवत. पूरशक बारा, आषाढ शुद्ध दशमीपासून भाद्रपद वद्य नवमीपर्यंत राज्यात अँप्लिफायर निवडण्याचा जो प्रसंग घडला, तो पाहिला तसा लिहितो. लिहिणारा दफ्तरातील नकलनवीस. नाव सांगण्याजोगे नाही, परंतु अक्षर वळणदार आणि हात शाई कधी न सांडणारा, म्हणोन गेली अकरा वर्षे राज्यातील जो जुना कागद नवा करावयाचा तो याच हातून जाहला, आणि ही हकीकतही याच हाती आली. ती येण्यास आणखी एक कारण आहे, ते त्याच्या जागी सांगू.

या राज्यात सन मोजितात तो महापुरापासून. पूरशक एक, भाद्रपद वद्य नवमीस जुना बंधारा फुटला आणि नदीकाठची सात गावे पाण्याखाली गेली आणि एकशे अकरा माणसे गेली, असे यादीवरून दिसते. मग सरकारांनी नवा बंधारा बांधविला आणि त्याखाली मोठे मैदान राखिले आणि ऐसा नेम घातला, की दरसाल त्या तिथीस सरकारांच्या मातोश्री आईसाहेब यांनी मंचावर बसोन गेलेल्या माणसांची नावे एकेक वाचावी, आणि ज्याचे नाव येईल त्याच्या घरच्यांनी जागच्या जागी उभे राहावे आणि तांब्यातील पाणी भुईस घालावे. नेम उत्तम होता. परंतु दहा वर्षांत तो एकदाही धड पार पडला नाही, कारण की पहिल्या दहा रांगांपलीकडे नाव म्हणोन कोणास ऐकूच येत नसे. नुसता घरघराट येई. मग मागील लोक पुढल्यांकडे पाहात बसत, आणि वाचन आटोपून पुढले हलले की हे सगळे एकदम उभे राहात, आणि सगळे एकदम पाणी घालून गावाची वाट धरीत. तक्रार कोणी केली नाही. दरबारी समारंभ कळावयाचा असतो ऐसे आमच्या लोकांस कधी वाटलेच नाही.

आता ऐकू का येत नसे, ते सांगतो. मंचामागे नादखाना म्हणोन एक खोली आहे, तीत अँप्लिफायर असतो, आणि त्यावर आवाज कमीजास्त करण्याची जी गोल कळ, ती फिरविण्याचा मान मुजुमदार त्रिंबकराव यांच्या घराण्याकडे पिढीजात आहे. पूर्वी यांचे वडील नगाऱ्याची पहिली टिपरी देत; नगारे गेले आणि यंत्रे आली, तेव्हां मान कळीवर येऊन बसला. सरकार अथवा आईसाहेब माईकपुढे आले की त्रिंबकरावांनी रेशमी हातरुमालाने कळ धरावी आणि शेवटच्या टोकापर्यंत फिरवावी, यास मानाचे फिरविणे म्हणतात. अर्ध्यावर ठेविली तर अर्धा मान दिला ऐसा अर्थ. कारकुनाने सूचना वाचावयाची असली तर कळ चतुर्थांश, आणि गंमत अशी की राज्यात साऱ्यांस स्पष्ट ऐकू येई ती कारकुनाचीच सूचना. हे दहा वर्षे साऱ्यांनी पाहिले आणि कोणीही त्यावरून काही समजून घेतले नाही, त्यांत हा लिहिणाराही आला.

मग पूरशक बाराच्या आषाढात राजवैद्यांनी आईसाहेबांचा गळा तपासिला आणि सांगितले, की स्वर दिवसेंदिवस बारीक होत आहे, यंदाचे वाचन करावे, पुढील साली जमणार नाही. आईसाहेबांनी सरकारांस बोलावून घेतले. मी तेथे यादीचा कागद घेऊन उभा होतो. आईसाहेब म्हणाल्या, की गेल्या साली परत येताना वाटेत एका बाईने मेणा थांबवून विचारिले, नावे वाचून झाली की व्हायची आहेत. आणि म्हणाल्या, "दहा वर्षं मी वाचते आहे. कुणासाठी वाचते आहे, ते एकदा तरी कळू दे." सरकारांनी मान खाली घातली आणि बाहेर येऊन हुकूम दिला, की काय लागेल ते लागो, नवमीच्या आत उत्तम अँप्लिफायर आणावा, शेवटच्या रांगेतील माणसास नाव ऐकू गेले पाहिजे.

हुकूम त्रिंबकरावांकडे गेला. त्रिंबकराव माणूस वाईट नव्हे, परंतु आकडा मोठा दिसला की यांस झोप लागत नाही. त्यांनी तीन व्यापारी बोलाविले. पहिल्याने आणिली ती पेटी कपाटाएवढी, पुढे निळे तांबडे दिवे नाचणारे, आणि वर सोनेरी अक्षरांत बारा हजार वॅट. दुसऱ्याचा अँप्लिफायर बघतच राहावा ऐसा, आत काचेचे दिवे निखाऱ्यासारखे मंद जळत, वॅट मात्र वीस. तिसऱ्याने आणिला काळा लोखंडी डबा, त्यास रूप नाही, दिवा एकच, वजन इतके की दोन हमाल वाकले, आणि वर लिहिलेले अडीचशे वॅट. त्रिंबकरावांनी अडीचशेस बारा हजारांतून वजा करून पाहिले आणि निकाल मनात तेथेच लाविला.

परंतु आईसाहेबांच्या खोलीतील रेडिओ वीस वर्षे ज्यांनी चालता ठेविला ते बाजारपेठेतले कासम मिस्त्री, यांस आईसाहेबांनी मुद्दाम निरोप धाडिला, की तुम्ही बघितल्याखेरीज घेणे नाही. मिस्त्री आले ते चश्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, हातात एक लहान मापाचे यंत्र, आणि बसावयास गालिचा दिला तर भुईवरच बसले. त्रिंबकरावांनी विचारिले की यांतील बळकट कोण. मिस्त्रींनी पहिली पेटी फिरवून तिची पाठ पाहिली, आणि तेथे बारीक अक्षरांत लिहिलेले वाचून म्हणाले, "सरकार, ही पेटी विजेकडून तीनशे वॅट घेते आणि भोंग्याला बारा हजार देते. हिला बंधाऱ्यावर बसवा, नदीची गरज उरणार नाही." सरकार हसले. त्रिंबकराव हसले नाहीत.

मग मिस्त्रींनी समजावून सांगितले ते असे, की वॅटचे आकडे दोन जातीचे असतात. एक क्षणभराच्या उसळीचा, तो व्यापारी हवा तितका फुगवितो. आणि दुसरा दिवसभर टिकणाऱ्या जोराचा, तोच विचारावा. गडी एकदा हिसका देऊन पोते उचलतो म्हणोन तेच पोते घेऊन तो घाट चढेल ऐसे होत नाही. आणि वॅट दुप्पट केले म्हणोन आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम कानास जाणवेल इतका वाढतो. दुप्पट वाटावयाचा तर वॅट दसपट लागतात. म्हणोन शंभर की सव्वाशे या वादात पडू नये. आणि अँप्लिफायर एकटा पाहू नये. आधी भोंगा विचारावा, मग मैदान, मग अँप्लिफायर. राज्याचे कर्ण्याचे भोंगे चार, ते जुने परंतु जातीचे, एका वॅटात गल्ली भरतील ऐसे. त्यांस बारा हजार कशास.

सरकारांनी विचारिले, की भोंगे जातीचे तर दर दोन वर्षांनी जळतात का. मिस्त्री म्हणाले, की त्याची कारणे दोन. भोंगा विजेस किती अडवितो त्याचे माप ओहम. एकेक भोंगा आठ ओहमांचा आहे, परंतु चारही एकमेकांशेजारी एकाच ठिकाणी जोडिले की अडवणूक दोन ओहमांवर येते आणि अँप्लिफायरावर ओढ वाढते. चार ओहमांस बनविलेला अँप्लिफायर दोन ओहमांवर धापा टाकील, तापेल आणि बंद पडेल. म्हणोन किती ओहमांपर्यंत सोसेल ते विकत घेताना विचारावे, आणि भोंगे त्या हिशेबाने जोडावे. दुसरे कारण मिस्त्रींनी त्रिंबकरावांकडे न पाहता सांगितले, की अँप्लिफायरास त्याच्या ताकदीपलीकडे ताणिले म्हणजे तो आवाजाचे शेंडे छाटून टाकितो. त्या छाटलेल्या आवाजात शब्द राहात नाही, खरखर राहाते, आणि ती खरखरच भोंगा जाळते. लहान अँप्लिफायर शेवटपर्यंत फिरविला तर मोठाही भोंगा जळतो. हे ऐकोन साऱ्या दरबाराने त्रिंबकरावांकडे पाहिले, कारण शेवटपर्यंत कोण फिरविते ते सर्वांस ठाऊक होते.

मग अँप्लिफायर म्हणजे नेमके काय, ऐसे सरकारांनी विचारिले. मिस्त्री म्हणाले, "माईकातून येतं ते फार बारीक असतं. यानं तेवढंच मोठं करून पुढं द्यायचं. आपलं काही घालायचं नाही, आलेलं काही गाळायचं नाही. एवढं करील तो चांगला." हे वाक्य मी त्याच वेळी टिपून ठेविले, आणि नकलनविशीचाही नियम नेमका हाच आहे ऐसे मनात येऊन फार खूष जाहलो.

दुसरे दिवशी परीक्षा जाहली. व्यापाऱ्यांनी आपापला अँप्लिफायर आपणच लाविला, आणि पहिल्या व्यापाऱ्याने आपला आवाज सर्वांहून मोठा ठेविला, आणि सगळ्या सरदारांनी माना डोलाविल्या, सरकारांनीही डोलाविली. तेव्हां मिस्त्रींनी अर्ज केला, की ज्याचा आवाज मोठा तोच कानास चांगला वाटतो, हा कानाचा स्वभाव आहे, यांत कोणाचा दोष नाही. परंतु तिन्ही मापून एकसारखे ठेवू द्यावे आणि पडद्याआड लावू द्यावे, कोणता कोणता ते सांगू नये. तसे केले. मग त्याच सरदारांनी दुसऱ्यास पसंती दिली, आणि पहिल्यास नाक मुरडिले, आणि पडदा दूर जाहला तेव्हां जो तो आपल्या पागोट्याची कड चाचपू लागला. मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखविली, की काहीही वाजत नसता भोंग्यास कान लावावा. पहिल्यातून माशा घोंगावाव्या तशी गुणगुण येत होती, दुसऱ्यातून थोडी, तिसऱ्यातून जवळजवळ नाही.

परंतु खरी परीक्षा मैदानातली. आईसाहेब स्वतः माईकपुढे बसल्या आणि धान्यांची, भाज्यांची, झाडांची मिळोन चाळीस नावे उलटसुलट क्रमाने वाचिली, आणि मला शेवटच्या रांगेच्या जागी बसवून ऐकू येईल तेवढेच लिहावयास सांगितले. पहिल्या पेटीच्या वेळी माझ्या कागदावर सात नावे आली. दुसऱ्याने गोड सुरुवात केली, परंतु वीस वॅट मैदानास पुरेनात. वाढविला तेव्हां त्यासही धाप लागली आणि एकोणीसवर मी लेखणी ठेविली. मिस्त्री म्हणाले, की हा आईसाहेबांच्या खोलीत ठेवावा, एका माणसाने एक गाणे ऐकण्यास यासारखा नाही. तिसऱ्याच्या वेळी अडतीस आली. दोन राहिली ती धोब्याचे गाढव मध्येच ओरडले म्हणोन. शिवाय तिसरा चार ओहम निर्धास्त सोसणारा, तीन घटका चालवूनही हाताला कोमट, आणि बोलण्यास लागतो त्याहून कितीतरी जोर त्याच्यापाशी शिलकीत, म्हणजे कोणी एकाएकी मोठ्याने बोलले तरी शेंडे छाटले जाणार नाहीत. काळा डबा ठरला.

तेव्हां त्रिंबकरावांनी हरकत घेतली. डबा घ्या, मिस्त्री म्हणतात तसे भोंगे जोडा, परंतु कळ एक तृतीयांशावर ठेवावी हे त्यांचे म्हणणे मान्य नाही. आईसाहेबांचे शेवटचे वाचन आणि मान कारकुनाहून थोडा वर, हे आपल्या हातून होणे नाही. तीन दिवस खल चालला. जुने कागद काढिले, त्यांत मानाची कळ पूर्ण फिरवावी ऐसे स्पष्ट निघाले, आणि ते माझ्याच सुवाच्य अक्षरात होते म्हणोन नाकारिता येईना. शेवटी मिस्त्रींनी डब्याच्या पाठीस एक लहान कळ असते ती दाखविली. ती एकदा बांधून ठेविली, की पुढली मोठी कळ टोकापर्यंत फिरवा, आवाज ठरल्या मापाबाहेर जात नाही. त्रिंबकरावांनी दोनदा फिरवून पाहिली आणि डोळे पुसले. मान पुरा जाहला आणि आवाज बेताचा राहिला.

मग भाद्रपद वद्य नवमी आली. सात गावांचे लोक सकाळपासून तांबे घेऊन बसले. आईसाहेब मंचावर आल्या, मी पायरीपाशी यादीची दुसरी प्रत घेऊन बसलो, त्रिंबकरावांनी हातरुमाल काढिला आणि कळ टोकापर्यंत फिरविली, आणि पहिले नाव गेले. बारीक, थकलेला, परंतु आईसाहेबांचाच स्वर शेवटच्या रांगेपर्यंत गेला, आणि तेथे मागे एक म्हातारा धडपडत उभा राहिला. त्यास आपला एकट्याचा उभा राहण्याचा वेळ इतक्या वर्षांत प्रथमच मिळाला. मग दुसरे नाव, मग तिसरे. एकेक घर उठू लागले, येथे चार माणसे, तेथे एक मुलगी, आणि पाणी भुईस पडू लागले, आणि कोणी कोणाकडे बघून उठेना. त्रिंबकराव खिडकीतून पाहात होते, ते हळूच म्हणाले, "अहो, यांना कळतंय."

एकशे अकरावे नाव जाहले आणि आईसाहेबांनी कागद खाली ठेविला. सारे मैदान उभे होते. आणि मागून तिसऱ्या रांगेत एक म्हातारी बसलेली होती, पुढ्यात तांब्या भरलेला. शेजारणीने खुणावले तरी ती उठेना. आईसाहेबांस ते दिसले आणि त्यांनी माईकातूनच विचारिले, की बाई, पायांना त्रास आहे का. म्हातारीने नाही म्हणोन हात हलविला. तेव्हां आईसाहेबांनी तीस जवळ बोलाविले आणि लोकांनी वाट करून दिली आणि मग ते खाली बसले. तिचे नाव भिवराबाई धनवट, नदीपलीकडील डोंगरवाडीची. ती तांब्या सांभाळीत मंचापाशी आली आणि खालच्या आवाजात बोलली, परंतु माईक समोर होता, म्हणोन तिचे बोलणे साऱ्या मैदानास ऐकू गेले.

"आईसाहेब, समद्यांची नावं आली. माझ्या लेकाचं, हरबाचं न्हाई आलं." आणि तांब्या सावरून म्हणाली, "धा वरसं मी म्हनत व्हते, भोंग्याचा दोष हाय."

त्रिंबकरावांचा हात कळीकडे गेला, दफ्तराची चूक चव्हाट्यावर येते म्हणोन आवाज बंद करावा ऐसे त्यांस वाटले असावे. आईसाहेबांनी मागे वळोन खिडकीकडे पाहिले. "त्रिंबकराव, मान पुरा फिरवला आहे. तो तसाच असू दे." मग भिवराबाईस पूर्ण नाव विचारिले. ती म्हणाली, की हरबा संतू धनवट, नावाडी होता, तीन खेपा करून माणसे काढिली आणि चौथ्या खेपेस नाव परत आली नाही.

मग आईसाहेबांनी विचारिले, की यादी कोणी उतरविली. दफ्तरात नकलनवीस एकच. तो पायरीपाशी बसला होता, दुसरी प्रत मांडीवर, अक्षर वळणदार. मला उठावयास वेळ लागला. पुराच्या साली मूळ यादी ओली होऊन आली होती, आणि एकाखाली एक दोन ओळी होत्या, हरबा बिन राणोजी धनवट आणि हरबा बिन संतू धनवट, म्हणजे एक राणोजीचा मुलगा आणि एक संतूचा. दुसऱ्या ओळीवर पाणी पडून शाई पसरली होती. मला वाटले कोणा घाईच्या हाताने एकच माणूस दोनदा लिहिला. विचारावयास नदी ओलांडावी लागली असती. मी एक ओळ गाळिली, कागद सुबक दिसला, आणि त्याबद्दल मला शाबासकी मिळाली. हे सारे मी उभा राहोन सांगितले, आणि काळ्या डब्याने त्यांतले काहीही न गाळता शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचविले.

आईसाहेब मजवर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या माईककडे वळल्या आणि उरला होता तेवढा स्वर एकवटून म्हणाल्या, "हरबा संतू धनवट." भिवराबाई उभीच होती. तिने तांब्या दोन्ही हातांनी धरिला आणि सावकाश, थेंब न राखता, पाणी भुईस घातले. आणि सारे मैदान, जे आपापले पाणी आधीच घालून बसले होते, ते पुन्हा उठोन उभे राहिले.

आईसाहेबांनी त्यानंतर मैदानात वाचिले नाही. माझी नोकरी राहिली. शिक्षा इतकीच, की यादी नव्याने उतरवावी, मूळ ओल्या कागदाशी आणि सात गावांच्या घरोघरी ताडून पाहावी, आणि ही हकीकत स्वतःचा दोष न झाकता लिहावी. नदी ओलांडून डोंगरवाडीस गेलो. भिवराबाईने पाणी दिले.

तात्पर्य इतके, की अँप्लिफायर घेताना वरील आकडा न पाहता पाठीमागचा पाहावा. टिकणारा जोर विचारावा, ओहम विचारावे, भोंगा आणि जागा आधी पाहावी. तुलना करावी ती आवाज मापून सारखा करून. शांततेत कान लावावा. आणि ताणून वाजवू नये. आलेले मोठे करून द्यावे, आपले घालू नये, आलेले गाळू नये. यंत्रास हे जमले. नवी यादी तयार जाहली आहे. नावे एकशे बारा. त्यांत हरबा दोन, दोघेही लिहिले आहेत.